गच्चीवर पिल्सनर चाखायची? आधी शेंगाची चटणी लांब ठेवा

प्रश्न असा आहे: सोलापूर, एप्रिलचा शनिवार, गच्ची, सहा मित्र. पुण्याहून तीन प्रकारच्या क्राफ्ट पिल्सनर (छोट्या ब्रुअरींची फिकट सोनेरी, कडसर बिअर) आणायच्या, ‘वाइनवाले करतात तसं’ नाकबिक लावून चाखायच्या, पण सगळं हसतखेळत व्हायला हवं. सामान काय लागेल, क्रम काय ठेवायचा आणि चुकतं कुठे?

चुकतं ते बहुतेक वेळा पहिल्या घोटाच्या आधीच. स्टाउट या काळ्या बिअरमध्ये चूक झाली तर ती करपलेल्या मॉल्टखाली (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) दडते, आयपीए या कडू बिअरमध्ये हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) माऱ्यात दडते, व्हीट बिअरमध्ये केळी-लवंगेच्या वासात दडते. पिल्सनरमध्ये दडायला जागाच नाही. फिकट मॉल्ट, एखाद-दोन जातींचे हॉप्स, थंडीत काम करणारं लॅगर यीस्ट आणि पाणी, संपलं. बनवणाऱ्याने घाई केली तर कळतं, गाडीवाल्याने डिकीत ठेवली तर कळतं, आणि यजमानाने ग्लास नीट धुतला नाही तर तेही कळतं. सोलापुरात पिल्सनरचे खरे वैरी दोन: ऊन आणि तेल. या दोघांना आवरलंत तर अर्धं काम झालं, उरलेल्या अर्ध्यात गंमत आहे.

आधी वाहतूक. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर, चार-पाच तासांचा रस्ता. एप्रिलच्या दुपारी बंद डिकी ५० अंशांच्या वर सहज जाते. बिअर बनवणाऱ्यांमध्ये ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे: ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, तिन्हीत बिअर साधारण सारखीच शिळी होते. ठोकताळाच तो, काटेकोर मोजमाप नाही, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. ‘फ्रिजबाहेर दोनच दिवस होती’ हे वाक्य महाबळेश्वरात खपेल, सोलापुरात नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोन दिवस म्हणजे त्या बाटलीचं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं.

म्हणून थर्माकोलचा जाड खोका घ्या, ३३० मिलिच्या सहा बाटल्यांना तीन किलो बर्फ, बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला, बाटल्या उभ्या. खोका डिकीत नको, मागच्या सीटवर एसीच्या वाऱ्यात ठेवा. भिगवणला मासे खायला थांबणार असाल (थांबणारच) तर गाडी सावलीत लावा, आणि तेवढ्यासाठी खोक्यावर एक जुनी चादर टाका. सोलापुरी चादरीला हे काम नवं असलं तरी जमतं.

विकत घेताना लेबलवर बाटली भरल्याची तारीख बघा. पिल्सनर मुरत नाही, म्हातारी होते. दोन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, चार महिन्यांच्या पुढची असेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी सोडून द्या. दुकानाच्या काचेत उन्हात सजवलेली बाटली तर कधीच घेऊ नका, आतल्या फ्रिजमधली मागा. मायक्रोब्रुअरीतून ग्रौलर (नळावरची बिअर न्यायची झाकणाची मोठी बाटली) भरून आणणार असाल तर निघायच्या दिवशीच भरा, दोन दिवसांत उघडा आणि उघडला की त्याच बैठकीत संपवा. नळावरून भरताना गॅस थोडा उडतोच, झाकण पुन्हा लावून दुसऱ्या दिवशी काढलेला ग्रौलर म्हणजे सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशीचं तीर्थ. पिण्याचा परवाना, दुकानाचं बिल, एकवीस वर्षांखालचं कुणी नाही आणि त्या दिवशी ड्राय डे नाही, एवढं आधी बघून घ्या.

घरी आल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, आडव्या नको. प्रवासात हलल्यामुळे गॅस बेचैन असतो आणि न गाळलेल्या बिअरमध्ये यीस्ट वर आलेलं असतं, एक रात्र गेली की दोन्ही खाली बसतं. शनिवारी संध्याकाळची बैठक असेल तर बाटल्या शुक्रवारी रात्रीपर्यंत घरात पाहिजेत.

चाखायचं तापमान ५ ते ८ अंश. चेक पद्धतीची असेल तर ८ कडे, जर्मन पद्धतीची कोरडी असेल तर ५-६ कडे. इथे सोलापूरकरांचा ठाम विरोध होतो, कारण बेचाळीस अंशांत आपल्याला बिअर दात शिवशिवतील इतकी गार लागते. प्यायला हरकत नाही, चाखायला आहे. एक-दोन अंशांना जीभ बधिर होते आणि वास द्रवातून उठतच नाही, मग महागडी क्राफ्ट आणि कोपऱ्यावरची साधी लॅगर सारखीच लागते. बर्फाळलेला मग तर चाखणीतून बादच करा: त्याच्या भिंतीवरचा बर्फ वितळून बिअरमध्ये पाणी होतं आणि खरखरीत बर्फाला लागून गॅस एकदम सुटतो. उशीर झालाच तर बादलीत दोन किलो बर्फ, दोन लिटर पाणी, मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे दोन-अडीच अंशांच्या आसपास गोठते, आणि मग चाखणी काचा वेचण्याची.

आता तेल, म्हणजे ग्लास. बिअरचा फेस मॉल्टमधली प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं मिळून धरतात, आणि या जोडीला तेलाचा एक थेंब पुरतो. घरातल्या ग्लासांनी सकाळी ताक बघितलेलं असतं, दुपारी आमरस, आणि घासणीने त्याआधी तेलाची कढई. त्यामुळे चाखणीचे ग्लास वेगळे धुवा, कोऱ्या स्पंजने. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, त्यात घासा, मग भरपूर पाण्याने विसळा, कारण साबणाचा अंशही फेस मारतो. शेवटची विसळणी जारच्या किंवा आरओच्या पाण्याने करा. बोअरचं जड पाणी वाळलं की काचेवर पांढरे डाग सोडतं आणि त्या डागांवर बुडबुडे अडकून बसतात. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत असेल तर चाखणी पाण्याच्या दिवसाच्या आसपास ठरवा, हा सल्ला म्युनिकमध्ये कुणी देणार नाही. ग्लास पुसू नका, जाळीवर पालथे घाला. विशेषतः नव्या टॉवेलने तर नकोच, आपले टॉवेल देशभर नावाजलेले असले तरी त्यांची लव काचेला चिकटते.

ग्लास स्वच्छ झाला का, याची खूण सोपी आहे. आतून ओला करा आणि मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ, जिथे टक्कल पडलं तिथे तेल आहे. पाहुण्यांसमोर हे करून दाखवलंत तर तुमचा दबदबा तिथेच बसतो.

ग्लास काचेचा आणि उभट हवा, २०० ते २५० मिलिचा, त्यात प्रत्येकी १०० मिलि ओतायची म्हणजे फेसाला आणि नाकाला जागा राहते. लस्सीचा साधा उंच ग्लास चालतो. स्टीलचा नको, रंग दिसत नाही. सहा जणांना प्रत्येकी १०० मिलि म्हणजे एका प्रकाराच्या ३३० च्या दोन बाटल्या किंवा ६५० ची एक. तीन प्रकार म्हणजे माणशी ३०० मिलि, त्याहून जास्त चाखणी म्हणू नका, त्याला दुसरा शब्द आहे. पुढे सांगितलेले खेळ करणार असाल तर एका प्रकाराच्या दोन-तीन बाटल्या जादा आणा.

आणि चखणा. चाखणी संपेपर्यंत शेंगाची चटणी ताटात नको. ती उखळात कुटून तेल सुटलेली असते, हाच तिचा मोठेपणा, आणि तेच तेल ओठावरून ग्लासाच्या काठाला लागतं. दुसऱ्या घोटाला फेस बसलेला असतो आणि यजमान बिअरला शिव्या घालत असतो. शिवाय तिखटाची आग बुडबुड्यांनी आणखी भडकते, पुढची पाच मिनिटं जिभेला फक्त लसूण आणि मिरची कळते. मधल्या वेळात तोंड साफ करायला परदेशात बेचव बिस्किटं ठेवतात, आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे: ज्वारीची कडक भाकरी. पातळ, खडखडीत, तेल नाही, तिखट नाही. दोन घासांच्या मध्ये साधं पाणी. पान, मावा, अत्तर, गजरा, उदबत्ती आणि डासांची कॉइल या सगळ्यांना त्या तासापुरती रजा द्या. कॉइलच्या धुरात पिल्सनर हुंगली की सगळ्यांना तिच्यात ‘धुराची छटा’ सापडते, आणि एकाला ती आवडतेसुद्धा.

वेळ दिवेलागणीची ठेवा. गार होण्यासाठी नव्हे, एप्रिलमध्ये गच्ची रात्री नऊपर्यंत पायांना चटके देते. कारण उजेड आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

ओतणं. ग्लास तिरका धरा, बिअर भिंतीवरून सोडा, निम्मा भरत आला की ग्लास सरळ करून मधोमध ओता. दोन-तीन बोटं फेस हवा. इथे कुणीतरी ‘फेस देऊन फसवलं’ म्हणणारच, कारण बारमध्ये फेसाचे पैसे लागतात असा आपला जुना हिशोब आहे. त्यांना सांगा की फेस ओतताना न काढलेला गॅस पोटात जाऊन सुटतो, आणि मग रात्री अकरा वाजता ढेकरा मोजत बसावं लागतं. फेसातून हॉप्सचा वास उडतो आणि खालची बिअर हवेपासून थोडी वाचते. चेक लोक तर या प्रकाराला ‘ह्लादिंका’ म्हणतात आणि फेस कमी आला तर ग्लास परत करतात. फेस पांढरा, बारीक छिद्रांचा, आणि पिताना ग्लासवर कडी सोडत जाणारा असावा. अर्ध्या मिनिटात नाहीसा झाला तर बिअरला दोष देण्याआधी मिठाची खूण पुन्हा करा.

मग रंग. फिकट सोन्यापासून गडद सोन्यापर्यंत, जर्मन फिकट, चेक जरा गडद. गाळलेली असेल तर ग्लासमागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता यावं. गढूळ असेल आणि लेबलवर ‘अनफिल्टर्ड’ लिहिलेलं असेल तर ठीक, नसेल तर संशय घ्या.

वास घेताना ग्लास नाकाखाली धरून दोन-तीन छोटे हुंगे घ्यायचे. लांब श्वास ओढला की नाक थकतं. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवायचा नाही, गॅस जातो. हाताचा तळवा ग्लासवर पाच सेकंद झाकून मग उघडा, तेवढं पुरे.

गंमत इथून सुरू होते. पाहुण्यांना परदेशी चाखणीचे शब्द पाठ करायला लावू नका. ‘फुलोरी, मसालेदार, गवताळ’ असं छापील कार्ड दिलं की सगळे तेच तीन शब्द लिहितात आणि आपण चुकलो नाही ना म्हणून शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात. उलट सांगा: सोलापुरात आजवर ज्या-ज्या गोष्टीचा वास घेतला आहे त्यातलं काय आठवतं ते लिहा, कितीही येडपट असो. मग तज्ज्ञाचं काम तुमचं. येडपट वाक्यातून कारण काढायचं.

कुणी म्हणेल, ‘कडब्याची गंजी.’ शाबास. झाटेत्स या चेक गावच्या हॉप्सचा, ज्यांना जगात साझ म्हणतात, वास गवत, सुकं फूल आणि किंचित मिरी असाच असतो. फक्त एक उलटा प्रश्न विचारा: ताज्या कडब्याची की गेल्या वर्षीच्या? जुन्या, धुळकट कडब्याचा वास म्हणजे हॉप्स नीट साठवलेले नव्हते. हॉप्स फारच शिळे असतील तर चीजकडे, थेट सांगायचं तर बुटातल्या मोज्यांकडे वास झुकतो.

कुणी म्हणेल, ‘तव्यावरून उतरलेली भाकरी’ किंवा ‘बेकरीच्या दारात उभा आहे.’ हे मॉल्ट. चेक पद्धतीत मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या, भरडलेल्या मॉल्टचा) एक भाग वेगळा काढून उकळून परत मिसळतात, त्याला डिकॉक्शन म्हणतात, त्यातून हा पावाच्या कडेचा वास येतो. जर्मन पिल्सनरमध्ये तो कमी आणि कोरडेपणा जास्त.

‘लग्नाच्या पंक्तीतली कोबीची भाजी’ किंवा ‘उकडलेलं मक्याचं कणीस’ असं आलं की कान टवकारा. ते डायमिथाइल सल्फाइड. फिकट पिल्सनर मॉल्ट फार तापवून वाळवलेलं नसतं, त्यामुळे या वासाचं मूळ द्रव्य त्यात शिल्लक राहतं. ते घालवायला वर्ट (आंबवण्याआधीचं मॉल्टचं गोड पाणी) चांगला नव्वद मिनिटं, झाकण न ठेवता, खळखळून उकळावा लागतो आणि मग भराभर गार करावा लागतो. गॅस वाचवला, झाकण ठेवलं किंवा गार करताना रेंगाळलं की पंक्तीची भाजी ग्लासात येते.

‘थेटरातलं पॉपकॉर्न’ म्हणजे डायासेटिल. यीस्ट आंबवताना हे लोण्याच्या वासाचं द्रव्य होतंच, पण शेवटी दोन-तीन दिवस १५ ते १८ अंशांना यीस्टला मोकळं सोडलं की ते स्वतःच खाऊन टाकतं. आंबवणं ८ ते १२ अंशांना चाललेलं असतं, त्यामुळे हे दोन-तीन दिवस ‘वाया’ जातात असं मालकाला वाटतं. लॅगर टाकीत पाच-सहा आठवडे अडते, त्याच टाकीत तेवढ्या काळात एल (जरा उबेत, लवकर आंबणारी बिअर) दोनदा निघाली असती. पिल्सनर महाग का, आणि कधीकधी बटरचा वास का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एका टाकीत आहे. चेक पिल्सनरमध्ये याची अगदी पुसट झाक चालते. जर्मन शैलीत नाही. नळावरच्या बिअरमध्ये बटरसोबत आंबटपणाही असेल तर बारने नळ्या धुतलेल्या नाहीत.

‘आगपेटीची काडी ओढली’ हे घाबरण्यासारखं नाही. लॅगर यीस्ट थोडं गंधक सोडतं, दोन मिनिटांत उडून जातं. ‘कच्चं सफरचंद’ म्हणजे बिअर कोवळी असताना बाहेर काढली. ‘हुरड्याची आगटी’ किंवा ‘दाताच्या डॉक्टरकडची लवंग’ पिल्सनरमध्ये नसावी, भलतंच यीस्ट शिरलं असेल. कॉइल खरंच विझवली आहे ना तेही एकदा बघा.

‘कोऱ्या चादरीची घडी उघडली’ असं सोलापुरात एक तरी जण म्हणणारच. हे उत्तर फसवं आहे, म्हणून थांबा. खळीचा, पिठाचा वास म्हणायचा असेल तर ते धान्य आहे, ठीक. पण कोरडा, कागदी, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा असेल तर ती ऑक्सिजन आणि उष्णतेची करणी. बाटली भरताना शिरलेली हवा आणि वाटेतलं ऊन मिळून ट्रान्स-२-नोनेनल नावाचं द्रव्य पुढे येतं. बनवणाऱ्याला फोन करण्याआधी डिकीवाल्या मित्राकडे बघा.

आणि मग येतं सोलापुरातलं सगळ्यात प्रामाणिक परीक्षण: ‘ह्यात काहीच नाही बे.’ याला हसू नका. बिअर फार गार असेल तर ते खरं आहे, ग्लास दोन्ही हातांत धरून तीन-चार अंश चढू द्या आणि पुन्हा विचारा. तरीही काहीच नसेल आणि शेवटी कडूपणाही येत नसेल, तर बिअर खरोखरच रिकामी आहे. पण दुसऱ्यांदा तोच माणूस ‘भाकरी... आणि मागे कडू’ म्हणाला, तर पिल्सनरला याहून वरचं प्रशस्तिपत्र नाही. दोष न सापडणं हेच तिचं कौशल्य असतं.

घोट २०-२५ मिलिचा, तोंडात तीन-चार सेकंद फिरवायचा आणि गिळायचा. वाइनसारखं थुंकायचं नाही, कडूपणाचा खरा अंदाज घशाशी येतो. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा, वास दुसऱ्या बाजूने पुन्हा येतो. चेक पिल्सनरचा कडूपणा साधारण ३० ते ४५ आयबीयू (कडूपणाचं माप), जर्मनचा २२ ते ४०. आकड्यापेक्षा तो जातो कसा हे बघा. चांगला कडूपणा ठळक येतो, तोंड साफ करतो, निघतो, आणि पुढचा घोट मागतो. गुळवेलीच्या काढ्यासारखा रेंगाळला, किंवा कच्च्या सुपारीसारखी जीभ ओढली, तर धान्याची टरफलं जास्त धुतली गेली आहेत: विसळायचं पाणी ७७-७८ अंशांच्या वर गेलं किंवा अल्कधर्मी होतं, आणि टॅनिन उतरलं.

पाण्याचा मुद्दा इथे मोठा आहे. पिल्सनरला जिच्यावरून नाव मिळालं त्या चेक प्लझेन गावाचं पाणी अतिशय मऊ, क्षार नावाला. म्हणून भरपूर हॉप्स घालूनही कडूपणा गुळगुळीत राहतो. ही बिअर जन्मली तीही तक्रारीतून. १८३८ मध्ये त्या गावच्या लोकांनी खराब बिअरची छत्तीस पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. आपल्याकडे महापालिकेवर रिकाम्या घागरी घेऊन मोर्चा जातो, त्यांनी भरलेली पिंपं नेली, एवढाच फरक. मग गावाने नवी ब्रुअरी काढली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा उकळला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात तेवढेच हॉप्स घातले तर कडूपणा खरवडत जाईल, म्हणून इथले ब्रुअर आरओचं पाणी घेऊन त्यात हवे तेवढेच क्षार परत घालतात.

क्रम कमी कडूपासून जास्त कडूकडे ठेवा. उलटा केलात तर दुसरी बिअर पाणी लागते.

आता दोन खेळ. पहिला, दोष ओळखण्याचा, तो चाखणीच्या आधी उरकून घ्या. तीन सारखे ग्लास घ्या, त्यात साधी माइल्ड लॅगर. एका ग्लासात उकडलेल्या मक्याचं पाणी, एक चमचा घालून हुंगा, नाही आलं तर आणखी एक. दुसऱ्यात बटर इसेन्सचा एक थेंब, दोन नको. तिसरा काचेचा ग्लास सूर्य असेपर्यंत पाच-दहा मिनिटं गच्चीच्या कठड्यावर ठेवा. उन्हातला निळा उजेड हॉप्सच्या कडू द्रव्याचे तुकडे करतो आणि त्यातून गंधकयुक्त थायोल बनतं, नाकाला त्याचा अगदी नगण्य अंशही पुरतो. वास जळक्या रबराकडे, सडक्या लसणीकडे. तपकिरी बाटली हा उजेड बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी मुळीच नाही. एकदा हा वास ओळखला की हिरव्या बाटलीतल्या परदेशी बिअरचा ‘खास’ वास म्हणजे काय ते कळतं, आणि बैठक दिवेलागणीला का ठेवली तेही. काही कंपन्या उजेडाला न बधणारा हॉप्सचा अर्क वापरतात, त्यांच्यावर हा प्रयोग चालत नाही, त्यामुळे काही झालं नाही तर दुसरी लॅगर घ्या.

दुसरा खेळ ‘मला लगेच कळतं’ म्हणणाऱ्यांसाठी. प्रत्येकाला पाठ करायला लावून तीन ग्लास भरा: दोन एकाच बिअरचे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. क्राफ्ट पिल्सनर आणि बाजारातली माइल्ड लॅगर अशी जोडी घ्या, तापमान दोन्हींचं सारखं, ग्लास सारखे, क्रम प्रत्येकाला वेगळा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. सहापैकी चार जणांचं बरोबर आलं तर पाठ थोपटू नका, चार किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या नशिबाने दहात एकदा होतंच. पाच किंवा सहा बरोबर आले तर ते नशिबाने शंभरात दोनदाही होत नाही, तेव्हा खरंच फरक कळतोय असं म्हणा. सगळ्यात जास्त बोलणारा माणूस यात हरतो असा नियम नाही, पण सगळे त्याच्याकडेच बघत असतात.

स्ट्राँगवाल्या मामांचा एक आक्षेप राहतो: ‘ही चढत का नाही?’ हिशोब दाखवा. पाच टक्क्यांची ३०० मिलि म्हणजे १५ मिलि अल्कोहोल. त्यांची आठ टक्क्यांची ६५० ची बाटली म्हणजे ५२ मिलि. चढायला नाहीच आणली. गाडी चालवणाऱ्याला मात्र या १५ मिलिचीही सूट नाही, त्याने फक्त हुंगायचं. त्याचे शेरे शेवटपर्यंत शाबूत राहतात, म्हणून कागद-पेन त्याच्याकडेच द्या.

शेरे लिहून झाले की चटणी आणा. आता तेलाचं भय नाही, उलट शेंगांचं तेल कडूपणाच्या कडा मोडतं आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन नेतात, कडक भाकरीवर चटणी आणि वर पिल्सनर हे जमतंच. चटणी दह्यात कालवलेली नको, दह्याच्या आंबटासमोर मॉल्ट पुसला जातो. उरलेली, गॅस गेलेली बिअर भज्यांच्या पिठात घालता येते: एक वाटी बेसनाला १०० मिलिपेक्षा जास्त नको, कारण पाणी उडालं तरी कडूपणा मागे राहतो. कठड्यावर उन्हात ठेवलेला आणि बटरचा ग्लास मात्र मोरीत ओता, तळल्याने ते वास जात नाहीत.